तुम्ही विचारलंत म्हणून: सोडवलेल्या बाईलाच का डांबतात?

कुंटणखान्यावरच्या छाप्याची बातमी आली की विचारणा होते: "दलाल जामिनावर बाहेर आणि सुटका झालेली बाई सुधारगृहात, हे उलटंच नाही का?" उलटं आहे खरं, पण कायद्यातच तसं लिहिलंय.

१९५० साली भारताने मानवी तस्करी रोखण्याच्या न्यूयॉर्कच्या करारावर सही केली, त्यापोटी १९५६चा कायदा आला. १९८६च्या दुरुस्तीपासून आपण त्याला 'पीटा', म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, म्हणतो. कुंटणखाना चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी १ ते ३ वर्षं कैद आणि फार तर २,००० रुपये दंड. आता कलम १७ बघा. सोडवलेल्या बाईला संरक्षणगृहात ठेवायची मुदतही १ ते ३ वर्षं! सप्टेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तिघींना सोडलं. त्या सज्ञान होत्या, आणि वेश्याव्यवसाय करणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

अठराच्या आतली मुलगी बालकल्याण समितीपुढे जाते, म्हणून वयावर सगळं अडतं. आधी शाळेचा दाखला, मग पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तीत निघालेलं वय दोनेक वर्षं इकडेतिकडे असू शकतं.

दलाल सुटतो तो बहुधा पंचनाम्यातून. झडतीला दोन पंच लागतात, त्यांत एक तरी बाई. शिवाय दोन महिला पोलीस. पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाकडे द्यायच्या नोटांचे नंबर छाप्याआधीच टिपावे लागतात. ते मागाहून लिहिल्याचं दिसलं की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. पंच फितूर झाले तर हातात काय उरतं?

मानवी तस्करीचं खरं कलम वेगळं: २०१३ला सुधारलेलं भारतीय दंड संहितेचं (भादंवि) ३७०, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं १४३. शिक्षा ७ ते १० वर्षं, बळी अल्पवयीन असेल तर किमान १०. पीडितेची संमती होती, हा बचाव चालत नाही. पण तिला कुणी, काय सांगून वा धमकावून आणलं, हे सिद्ध करावं लागतं. तो पुरावा तिच्या गावात असतो आणि तपास छापा पडलेल्या खोलीपाशीच थांबतो. मग नुसता पीटा लागतो. गावापासून खोलीपर्यंतची ही साखळी जोडू पाहणारं विधेयक २०१८ला लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ला बारगळलं.

तेव्हा दोषारोपपत्र हाती आलं की आधी १४३ लावलंय का ते बघा. मग तिचा गावचा पत्ता. साक्षीचं समन्स तिथेच जायचं असतं.