चीफकडे बघा

'गेट स्मार्ट' या जुन्या अमेरिकी विनोदी हेरमालिकेचा पहिला भाग पुन्हा बघताना तिच्या नायकावरची, हेर मॅक्सवेल स्मार्टवरची, नजर थोडी काढावी. पहिल्या वेळी सगळे त्याच्याकडेच बघतात, आणि ती भूमिका करणारा डॉन अ‍ॅडम्स दुसरीकडे बघूही देत नाही. दुसऱ्या वेळी मात्र टेबलापलीकडच्या चीफकडे बघत बसावं. एडवर्ड प्लॅट हा नट तिथे हसवायला आलेलाच नाही. तो एक कार्यालय चालवायला आलाय, आणि हाताखाली मॅक्स आहे. बस, एवढ्यावर मालिका पाच वर्षं आणि १३८ भाग चालली.

नाशिककरांना हा माणूस ओळखीचा वाटेल. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस, १९२८ पासून करन्सी नोट प्रेस; देवळालीला तोफखान्याची शाळा; ओझरला १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला एचएएलचा कारखाना. "आज काय झालं कामावर?" या प्रश्नाला इथल्या कितीतरी घरांत पिढ्यानपिढ्या "काही नाही, नेहमीचंच" एवढंच उत्तर मिळत आलंय. काळा चष्मा आणि पिस्तूल ही सिनेमातली गोपनीयता. गेटपास, झडती आणि नियमावर बोट ठेवणारा सहकारी, ही आपल्याकडची. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री या दोघांनी मालिका लिहिताना ही दुसरी गोपनीयता धरली. प्रेसमधून निवृत्त झालेले एखादे काका सोबत बसले असतील तर ते चीफच्या बाजूने हसतील, मुलं मॅक्सच्या बाजूने.

१८ सप्टेंबर १९६५ च्या शनिवारी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर हा भाग लागला. बाँडची लाट तेव्हा ऐन भरात होती. 'गोल्डफिंगर' आदल्याच वर्षी आलेला. जेम्स बाँड आणि 'पिंक पँथर'मधला वेंधळा इन्स्पेक्टर क्लूझो यांचं मिश्रण करा, अशी ब्रूक्स-हेन्रींकडे मागणी होती. एबीसी या दुसऱ्या वाहिनीने संहिता लिहून घेतली आणि नाकारली. केऑस या खलनायकांच्या संघटनेने स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उडवण्याची धमकी देणं त्यांना देशविरोधी वाटलं. एनबीसीकडे डॉन अ‍ॅडम्स करारावर बसूनच होता, त्यांनी मालिका घेतली. पुतळ्याची धमकी भागात तशीच राहिली.

आता बघण्याची तयारी. ती न करता बसलात तर निम्मा विनोद टीव्हीच खाऊन टाकतो. संपूर्ण मालिकेत हा एकच भाग कृष्णधवल आहे, आणि चित्राचं प्रमाण ४:३. घरातला टीव्ही १६:९. पडदा भरावा म्हणून चित्र आडवं ताणलं की प्रत्येक माणूस एक-तृतीयांश जास्त रुंद होतो. अ‍ॅडम्सचा काटकुळा ताठरपणा जातो आणि समोर नुसताच एक आडव्या बांध्याचा गृहस्थ उरतो. 'झूम' केलं तर आणखी वाईट, कारण उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. ज्या भागात छतातून यंत्र उतरतं आणि बुटातून फोन वाजतो, त्यात नेमका वरचा आणि खालचा भाग गेल्यावर बघायचं काय? चित्राचा आकार ४:३ किंवा 'ओरिजिनल' ठेवावा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन कराव्यात.

चित्राचा मोड 'व्हिव्हिड' असेल तर बदलावा, त्यात करडा रंग निळसर होतो. 'सिनेमा' लावावा, आणि तरीही कुठे रंगाची झाक दिसली तर 'कलर' शून्यावर आणावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय कंपनीगणिक वेगळ्या नावाने येते. ती शोधून बंद करावी, नाहीतर फिल्मवर टिपलेला हा भाग कालच्या लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. आवाज 'सराउंड'वर नको. अ‍ॅडम्सचा आवाज नाकातला आणि तुटक आहे. त्यामागे ध्वनिमुद्रित हशा सतत चालू असतो, आणि सराउंडमध्ये तो हशा फुगून संवादावर चढतो. साध्या 'स्टँडर्ड' मोडमध्ये शब्द पुढे येतात.

सबटायटल्स पहिल्या वेळी ठेवा, दुसऱ्या वेळी काढा. विनोदाची दुसरी ओळ नटाच्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच खाली छापून येते, डोळा ती वाचून मोकळा होतो आणि कान रिकामा राहतो. एखाद्या आजींना इंग्रजी समजत नसेल तर शेजारी बसून थोडक्यात सांगावं, पण वाक्य संपल्यावर.

सुरुवात एका संगीतसभेने होते. निवेदक गंभीर आवाजात सांगतो, की या प्रेक्षागृहात कंट्रोल या गुप्त संघटनेचा एक मातब्बर हेर बसलाय, आपण हेर आहोत हे कधीही उघड न करण्याचं शिक्षण घेतलेला. त्याच क्षणी त्याचा बूट वाजू लागतो. आजूबाजूचे वळून बघतात. १९६५ च्या प्रेक्षकाला बुटात फोन असणंच अशक्य वाटलं असणार, हसू त्याचंच. आज कालिदास कलामंदिरात नाटक बघणाऱ्याला त्यात अशक्य काहीच दिसत नाही. दुसऱ्या अंकात कुणाच्या तरी खिशातून रिंगटोन वाजते आणि तो माणूस, आपला नव्हेच, अशा चेहऱ्याने बसून राहतो, हे त्याने बघितलेलं असतं. मॅक्स मात्र शिस्तीत उठून बाहेर जातो आणि आडोसा शोधून बूट काढतो. हे लेखकांनी फार नीट केलंय. यंत्र त्याची फजिती करतं, पण मॅक्सला ते मान्य नसतं; त्याच्या मते सगळं नियमानुसार चाललंय.

आणि मग 'कोन ऑफ सायलेन्स'. या भागाचा कळस मी यालाच मानतो, बोटीवरच्या मारामारीला नव्हे. बेकरीत केकवर ठेवतात तशा पारदर्शक प्लॅस्टिकच्या झाकणांची जोडी टेबलावर उतरते, एक चीफच्या डोक्यावर, एक मॅक्सच्या. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून हे यंत्र. आतल्या दोघांना एकमेकांचं काहीही ऐकू येत नाही. इथे चीफचा चेहरा थांबवून थांबवून बघा. यंत्र मागवण्याचा हट्ट मॅक्सचा आहे, कारण नियमात तसं लिहिलंय. यंत्र चालत नाही हे चीफला पक्कं ठाऊक आहे. पण नियम आहे हे खरं, आणि तो स्वतः प्रमुख, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही. प्लॅट डोळे फिरवत नाही, उसासा टाकत नाही. ओठ जरासे आवळतो आणि बटण दाबायला तयार होतो. त्याने तिथे एक जरी टिवल्याबावल्यांची हालचाल केली असती तर समोर दोन विदूषक बसले असते आणि प्रसंग पडला असता. दोघांपैकी एकाला हे कार्यालय खरं वाटलं पाहिजे. प्लॅट आधी गंभीर चित्रपटांत पोलीस अधिकारी वगैरे करणारा नट होता. त्याला इथे घेणं ही निर्मात्यांची सगळ्यात हुशार निवड, असं माझं मत आहे.

पुढे मॅक्सची सहकारी एजंट ९९ भेटते. बार्बरा फेल्डन टोपी काढेपर्यंत समोर बाई आहे हेच मॅक्सला कळत नाही. हा विनोद आता शिळा झालाय, आणि पहिल्या भागात ९९ ला करायला फारसं काही दिलेलंही नाही. तिची चमक पुढच्या भागांत दिसते, जिथे उत्तर तिला आधी सापडतं आणि ती ते मॅक्सला सापडू देते. फँग हा कुत्रा, हुद्द्याने एजंट के-१३, त्याच्या वाट्याला मात्र बरं काम आलंय.

केऑसचा म्होरक्या मिस्टर बिग. त्याचा अड्डा कचरा वाहणाऱ्या बोटीवर. मायकल डन हा बुटका नट आणि नाव 'बिग', एवढ्यावर लेखक थांबले. डन त्याच वर्षी 'शिप ऑफ फूल्स'मध्ये ज्या ताकदीने उभा राहिला, ते पाहिलेल्याला इथे तो वाया गेलेला वाटेल. भाग इथे जरा रेंगाळतो. चहा ठेवायला उठायचं असेल तर आत्ता उठावं, पण मॅक्स पकडला जाऊन धमकी देऊ लागेपर्यंत परत यावं.

ती धमकी अशी: या बोटीभोवती तटरक्षक दलाच्या सात नौका येतायत. समोरचा म्हणतो, पटत नाही. बरं, सहा? तेही पटत नाही. मग, वल्ह्याच्या होडीत दोन पोलीस? अ‍ॅडम्सने हा नमुना आपल्या आधीच्या विनोदी कामातून आणला होता आणि पुढे मालिकाभर तो वाजवला. जमवायला सोपा वाटतो, पण बहुतेकांचा बिघडतो. पहिल्या दोन पायऱ्या जवळजवळ हव्यात, सात आणि सहा. घासाघीस खरी वाटली पाहिजे. तिसरी पायरी थेट तळघरात. सातवरून चार, चारवरून दोन असं बेताबेताने उतरलं तर हसू येत नाही, नुसता हिशेब होतो. आणि तिसरं वाक्यही पहिल्याइतक्याच आत्मविश्वासाने बोललं पाहिजे. आपल्याकडे नाशिकरोडहून निघणारे मित्र फोनवर हे रोज करतात: "सीबीएस बसस्टँडला पोचलो." खोटं वाटतं? "बरं, द्वारका चौकात आहे, सिग्नलला." तेही नाही? "टॉवेल शोधतोय." आवाज तिन्ही वेळा सारखाच.

दुसरा भाग लगेच लावू नये. तो रंगीत आहे, आणि तिथून मालिका उजळ, खेळकर, जवळजवळ चित्रकथेसारखी दिसू लागते; शीर्षकांतली गाडीही पुढे लाल सनबीम टायगर होते. पहिल्या भागाची करडी छायाचित्रं खऱ्या हेरपटाची वाटतात, सावल्या खोल आहेत, आणि अशा जागी बूट वाजला की तो जास्त वाजतो. लगोलग रंगीत भाग बघितला की डोळा पहिल्यालाच जुनाट ठरवतो. त्यापेक्षा त्याच भागातला कोनचा प्रसंग मागे नेऊन एकदा आवाज पूर्ण बंद करून बघावा. मॅक्सचे ओठ हलतात, चीफ कानाजवळ हात नेतो, काही पोचत नाही. आवाज काढून टाकला तरी त्या दोघांचं काही बिघडत नाही. त्यांनाही तो ऐकू येतच नव्हता.