कच्छमधला टरिटेला ओळखताना: माझा अनुभव

एमएस्सीच्या डिझर्टेशनसाठी पश्चिम कच्छमध्ये मायोसीनच्या (साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांवर काम करत होते, खारी नदी आणि छसरा फॉर्मेशन, म्हणजे तिथल्या खडकांच्या थरांचे दोन गट. तिथे टरिटेला, म्हणजे समुद्री गोगलगायींचे उंच टोकदार जीवाश्म शंख, इतके आहेत की काही थर नुसते त्यांचेच बनलेत असं वाटतं. थरात बसलेल्यांना हात लावला नाही, ओढ्यात सुटून पडलेले मोजकेच उचलले आणि प्रत्येकाच्या पिशवीवर जागेवरच थर आणि जीपीएस लिहिलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण कुठल्या थरातला ते माहीत नसेल तर पुढे नाव मिळूनही त्याचा अभ्यासाला उपयोग शून्य.

साफसफाई जुन्या टूथब्रशने आणि सुईने, ॲसिड अजिबात नाही, शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो त्यामुळे दगडाबरोबर तोही जातो. काही नमुन्यांत शंख विरघळून गेलाय आणि आतल्या चिखलाचा साचा तेवढा उरलाय, ते सरळ बाजूला ठेवले कारण बाहेरची नक्षीच नाही तर स्पीसीजपर्यंत, म्हणजे नेमक्या जातीपर्यंत, पोचणार कसं.

मग पहिला प्रश्न, वेढे कुठल्या बाजूला. शेंडा वर धरून तोंड आपल्याकडे केलं की तोंड उजवीकडे आलं, म्हणजे डेक्स्ट्रल, उजव्या वळणाचा. (आपल्याकडे नागपूर भागात बेसाल्टच्या दोन थरांच्या मधे फायसा नावाची जीवाश्म गोगलगाय सापडते ती गोड्या पाण्यातली आणि डावखुरी, त्यामुळे ही बघायची सवय कॉलेजपासूनच होती.) नंतर शंखाचं तोंड. उंच टोकदार शंख म्हणजे टरिटेला असं धरून चालत नाही, टेरेब्रा हा दुसरा समुद्री शंख पण तसाच असतो, पण त्याच्या तोंडाच्या बुडाशी खाच असते, सेरिथियम या आणखी एका उंच शंखाला छोटी नळी असते, टरिटेलाचं तोंड साधं, ना खाच ना नळी. माझ्या बहुतेक नमुन्यांची तोंडाची कड तुटलेली होती म्हणून त्यातल्या त्यात शाबूत असलेले निवडून त्यांच्यावरून ठरवलं.

खरी मजा पुढे आहे. सगळ्यांचं लक्ष आधी रिब्जकडे (वेढ्यांवरच्या उंचवट्यांच्या रेषांकडे) जातं, किती आहेत, कुठली जाड, पण रिब्ज एकाच स्पीसीजमध्येही बऱ्याच बदलतात. सर म्हणाले, "रिब्ज मोजणं थांबव, आधी ग्रोथ लाइन शोध." ग्रोथ लाइन म्हणजे शंख वाढताना तोंडाची कड जिथे जिथे होती तिची खूण, अगदी बारीक रेघ, म्हणजे तोंड तुटलेलं असलं तरी त्याचा आकार वेढ्यावर नोंदलेला असतो. मारविक या अभ्यासकाने 1957 मध्ये टरिटेलाच्या फॅमिलीचे जीनस (जवळच्या स्पीसीजचे गट) वेगळे केले ते याच रेघेवर, शेंड्याच्या अगदी सुरुवातीच्या वेढ्यांवर आणि तिथे रिब्ज कुठल्या क्रमाने उमटतात यावर. सरळ उजेडात मला काहीच दिसेना. टेबललॅम्प अगदी आडवा केला, शंखावर अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर दिला, दहा एक्सची लेन्स डोळ्याला लावली आणि शंख हळूहळू फिरवला, तर दोन जाड रिब्जच्या मधल्या खोलगट भागात ती रेघ दोन वेढ्यांच्या सांध्यापासून निघून मागे वळताना आणि परत पुढे येताना स्वच्छ दिसली. त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही, एकेक नमुना घेऊन तीच रेघ वहीत काढत बसले.

एका नमुन्यावर गोल भोक पण होतं, बाहेर रुंद आणि आत अरुंद, उतरत्या कडांचं. हे नॅटिसिड गोगलगायींचं काम, त्या दुसऱ्यांच्या शंखाला भोक पाडून आतला प्राणी खातात. म्युरिसिड या दुसऱ्या शिकारी गोगलगायींचं भोक साधारण सरळ कडांचं असतं. नाव ठरवायला याचा उपयोग नाही, पण कोणी कोणाला खाल्लं हे इतकं स्पष्ट दिसतं तेव्हा मी तरी तिथे थांबतेच.

स्पीसीजसाठी दोन जुनी कामं उघडली, 1840 ची सोवर्बीची कच्छच्या जीवाश्मांची वर्णनं आणि 1920 च्या दशकातला व्रेडेनबर्गचा जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा) मेमॉयर. वेढ्यांची उंची-रुंदी व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) घेतली, पूर्ण शंखाची उंची घेता येत नव्हती कारण शेंडे गेलेले. सगळ्यात जवळचा वाटला तो सोवर्बीने नाव दिलेला टरिटेला अँग्युलाटा. पण जुन्या पुस्तकात टरिटेला लिहिलंय म्हणून आजही तेच जीनस असेल असं नाही, बऱ्याच स्पीसीज नंतर झारिया, हॉस्टेटर अशा जीनसमध्ये हलवल्यात, आणि ते नक्की करायला शेंडाच हवा. म्हणून लेबलवर "टरिटेला सीएफ. अँग्युलाटा" लिहिलं (सीएफ. म्हणजे त्याच्याशी जुळतो, पण खात्री नाही), जीनस जुन्या व्यापक अर्थाने घेतलाय हे शेजारी नोंदवलं. वर्गातल्या एकीला हे अर्धवट वाटलं, मला नाही वाटत, जेवढं शंखावर दिसतं तेवढंच लेबलवर असावं. पुढच्या फील्डला माती चाळून घेणार आहे, सुरुवातीचे वेढे शाबूत असलेली छोटी पिल्लं मिळाली तर त्यातच मिळतील.