शनिवारचा सणांचा तास

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र मला बोटीवर मिळालं. शाळेविषयी चार शब्द लिहायचे म्हटलं की माझ्यापुढे चौथीच्या बाईच उभ्या राहतात. इतर गुरुजनांविषयी बाकीचे लिहितील, आणि त्यांनी ते लिहावंच. मी बाईंविषयी लिहितो. नाव द्यायची गरज नाही, चौथीच्या बाई म्हटलं की आपल्या गावात कोणालाही कळतं.

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला, त्या सुमारास मी चौथीत होतो. शनिवारी सकाळची शाळा. कवायत आटोपली की शेवटचा तास बाईंचा, सणांचा. जगातल्या कुठल्या तरी एका देशातला सण त्या सांगायच्या. हा विषय पुस्तकात नव्हता आणि परीक्षेतही नव्हता. पण इतर दिवशी दांडी मारणारी मुलंसुद्धा शनिवारी हजर असायची. कुठलाही सण सांगायचा झाला तरी बाई दोन गोष्टी आधी विचारायच्या: हा दिवस कसा ठरतो, आणि त्या दिवशी तिथली लहान मुलं काय करतात?

बाईंना हे सगळं कुठून कळायचं, याचं मला मोठेपणी नवल वाटलं. अलिबागच्या वाचनालयात जाऊन त्या मराठी विश्वकोशाचे खंड चाळायच्या, हे खरं. पण आपल्या गावातली कितीतरी माणसं बोटीवर होती. कोणी सुट्टीवर आलं की बाई त्याला वर्गात बोलावून घ्यायच्या. जपानमध्ये ५ मेला घराघरावर काठीला कापडी मासे लावतात, मुलांसाठी, हे आम्हाला एका खलाशाने सांगितलं. कार्प मासा प्रवाहाच्या उलट पोहत जातो, तशी मुलं धीट व्हावीत म्हणून. गुढीसारखंच दिसत असणार, असं ठरवून आम्ही पाटीवर त्याचं चित्र काढलं.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो चिंचोक्यांचा शनिवार. त्या वर्षांत ईद श्रावणात येत होती. माझ्या शेजारी बसणारा मित्र म्हणाला, "बाई, अब्बा लहान होते तेव्हा ईद आंब्याच्या दिवसांत यायची. मग आता पावसात का येते?" बाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी सगळ्यांनी घरून चिंचोके आणा."

पुढच्या शनिवारी पडवीत आम्ही दोन रांगा मांडल्या. एक सूर्याच्या वर्षाची, ३६५ चिंचोक्यांची. ती घंटेपासून निघून पार तिसरीच्या दारापर्यंत गेली. दुसरी चंद्राची: एक महिना ३० दिवसांचा, पुढचा २९ चा, असे बारा महिने. बेरीज ३५४ यायला हवी होती, आमची ३५३ आली. एक चिंचोका टाकून पुढे जाणं किती सोपं होतं! बाईंनी पहिल्यापासून मोजायला लावलं. दुसऱ्यांदाही ३५३. शेवटी पहिलीतल्या एका पोराच्या मुठीत तो सापडला. बाई रागावल्या नाहीत. त्याच्याच हाताने तो रांगेत ठेवून घेतला आणि मग फळ्यावर वजाबाकी मांडली. दोन रांगांमध्ये ११ चा फरक. तीन वर्षांत ३३. "एवढे दिवस साठले की आपण काय करतो?" मागून एक मुलगी ओरडली, "धोंड्याचा महिना!" जावयाला अनारसे मिळतात एवढंच आम्हाला माहीत होतं. साठलेल्या दिवसांचा एक जादा महिना धरल्यामुळे दिवाळी पावसाळा संपल्यावरच येते, हे त्या दिवशी समजलं. इस्लामी पंचांगात तो महिना धरत नाहीत. म्हणून ईद दरवर्षी ११ दिवसांनी अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरते आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच दिवसांत येते. मित्राच्या अब्बांचं म्हणणं खरं ठरलं होतं. तो दिवसभर ताठ मानेने फिरत होता.

नंतर एका रविवारी बाईंनी आम्हाला गावातल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजींकडे नेलं. १९४८ नंतर त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला गेली होती, वाड्यांना कुलपं होती. आजी आमच्याच मराठीत बोलल्या. त्यांच्या पंचांगातही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो, त्यामुळे त्यांचा पुरीम हा सण बहुतेक वर्षी आपल्या होळीच्याच पौर्णिमेला पडतो. एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन करतात तो मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं, त्यांनी आम्हाला द्रोणातून दिला.

आज मी मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही, बाईंच्या खात्यावर जमा व्हावं म्हणून सांगतो. बोटीवर जायचं वेड त्या तासानेच लावलं. इराणमध्ये बंदर अब्बासला नवरोझच्या दिवसांत एजंटच्या ऑफिसात टेबल मांडलेलं पाहिलं. त्यावर लसूण, सफरचंद, व्हिनेगर आणि ताटलीत उगवलेले हिरवे गहू. २१ मार्चच्या आसपास दिवस-रात्र समान होतात तेव्हा यांचं वर्ष सुरू होतं, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. थायलंडमध्ये एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानचं, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणाचं, पाणी अंगावर घेतलं. आमचे फिलिपिनो सहकारी सप्टेंबर लागला की नाताळची गाणी लावतात आणि बांबू-कागदाचा चांदणीचा कंदील टांगतात. दिवाळीत मी त्याच्या शेजारी आपला आकाशकंदील लावतो. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला गेलेल्या माणसांसाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. ते पाहून मला बाईंचा दसरा आठवला. झेंडू मूळचा तिकडचाच, असं त्यांनी सांगितल्यावर एक आजी शाळेत भांडायला आली होती. बाईंकडून मेक्सिकोची ही हकीकत ऐकून ती म्हणाली, "म्हणजे त्यांचेही पितर घरी येतात तर." आणि शांतपणे घरी गेली.

प्रत्येक बंदरातून मी बाईंना पत्र टाकायचो. ती पत्रं त्या वर्गात वाचून दाखवत, हे पुढच्या तुकड्यांकडून कळलं. बाई आता नाहीत.

मागच्या सुट्टीत शाळेत गेलो होतो. पडवीला फरशी आली आहे, वर्गात मोठा पडदा आहे. डिसेंबरात मुलं लाल टोप्या घालून फोटो काढतात आणि नाताळ तेवढ्यावर संपतो. मला वाईट वाटलं. पडद्यावर जग दिसतं हे चांगलंच आहे, पण ईद का सरकते हे एकाही मुलाला सांगता आलं नाही. दोष मुलांचा मुळीच नाही, त्यांना कोणी मोजायला बसवलेलं नाही. गावातून बोटीवर जाणारी माणसं आजही आहेत. सुट्टीवर आलेल्यांना चौथीच्या वर्गात बोलवायची बाईंची पद्धत समितीने पुन्हा सुरू करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. मार्चमध्ये मी गावी असेन. शनिवारचा शेवटचा तास मिळाला तर नवरोझविषयी सांगायला येईन.