हिच्यामागे कोण?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाही म्हणून वही काढली. तसं काही घडलेलं नाही. धाकट्या भावाकडे, बाळूकडे जेवायला गेले, सगळ्यांनी मिळून 'शाळा' पाहिला, परत आले. येताना माझा डबा तिथंच राहिला. एवढंच.

पण एवढंच असतं तर साडेअकराला दिवा लावून बसले नसते.

झालं असं की पिक्चर संपला, जरा वेळ कुणी बोलेना. सुनंदा डोळे पुसत ताटं उचलायला लागली आणि सईनं मला विचारलं, "आजी, तुझ्यामागे होतं का गं कोणी नववीत?" मी तोंड उघडायच्या आत बाळू हसत म्हणाला, "हिच्यामागे कोण लागणार? ही आमची अंबाबाई!" सगळे हसले. मीही हसले. माझं हसणं जरा जास्त वेळ चाललं, असं आता वाटतंय.

हा पिक्चर मिलिंद बोकिलांच्या पुस्तकावरून काढलाय, आणीबाणीतल्या नववीच्या वर्गाची गोष्ट. पुस्तकात गोष्ट सांगणारा जोशी आपल्या बहिणीला अंबाबाई म्हणतो. कायम खेकसणारी, आईला नावं सांगणारी बहीण. बाळूनं ते २००४ साली, पुस्तक आलं तेव्हाच वाचलं आणि लगोलग मला फोन करून सांगितलं होतं, "अक्का, तू छापून आलीयस." तेव्हा मला मजा वाटली होती. वीस वर्षं मजा वाटत आली. आजच काय झालं कोण जाणे.

हा पिक्चर मी आधी पाहिला तो लागला तेव्हा, २०१२ च्या जानेवारीत. ह्यांच्याबरोबर. मध्यंतरात हे म्हणाले होते, "हा जोशी म्हणजे मीच गं." मी म्हटलं, बरं. वड्याची पुडी माझ्याकडे होती, त्यात लक्ष होतं.

आज बाळू तेच म्हणाला, "हा मीच." मग मंदारही म्हणाला, "बाबा, मला पण अगदी आमची शाळा आठवली, मी असाच होतो." मंदारचा जन्म आणीबाणी उठून सात वर्षांनी झाला. आणि बाळू! बाळू १९७५ ला सातवीत होता. चड्डीचं बटण तुटलं की माझ्याकडून सेफ्टीपिन मागून न्यायचा. नववीत मी होते. ते साल माझं होतं. अकरावीची मॅट्रिक जाऊन नुकतीच दहावी आलेली, पहिली तुकडी त्याच वर्षी बसून गेलेली, आणि आमच्या मास्तरांनाच नवीन पुस्तकं पुरती उमजलेली नव्हती. त्या वर्षी वर्गात बसलेली या घरात मी एकटी. पण पिक्चर बघताना जोशी झाले सगळे, आणि मी अंबाबाई.

हे लिहून वाचलं तर फारच केविलवाणं दिसतंय. असू दे.

मतं मात्र खूप पडली. सुनंदाला जोशीचा नरूमामा आवडतो. जितेंद्र जोशी आला की ती पदर सावरून बसते. जोशीचा जीव जडतो ती शिरोडकर झालेली ती केतकी माटेगावकर गाण्याच्या कार्यक्रमातली ना, हे तिनं तीनदा विचारलं. मंदारचं सगळं कॅमेऱ्यावर. तो दिएगो रोमेरो म्हणून कोण स्पॅनिश माणूस, त्यानं आपल्याकडचं ऊन कसं पकडलंय बघा. ऊन खरंच छान आहे. धूळ बसलेल्या काचेतून येतं तसं. बाळूचं नेहमीचं, पुस्तकाची सर नाही. पुस्तकात जोशी सगळं आपल्या कानात सांगत बसतो, इथं त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायला लागतं. मला उलट तेच बरं वाटलं. चौदा वर्षांच्या पोराला इतकं नीट कुठलं बोलता येतंय.

मग आणीबाणीवरून जुंपली. मंदार म्हणाला, "ती नुसती मागे लावलेल्या पडद्यासारखी आहे, दिग्दर्शक तेव्हा जन्मलाही नव्हता, दुसरं काय होणार!" बाळू म्हणाला, राष्ट्रीय पुरस्कार काय उगीच मिळतात का, पटकथेलासुद्धा मिळालाय. मी गप्प होते. मला म्हणायचं होतं की आम्हालाही ती पडद्यासारखीच होती. त्या डिसेंबरात आमच्या कराडात साहित्य संमेलन भरलं. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, यशवंतराव स्वागताध्यक्ष. यशवंतराव तिथं हजर असताना बाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं. तात्या ते ऐकून घरी आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आईशी हळू आवाजात बोलत राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की त्या दिवशी काय घडलं होतं. तेव्हा मी काय करत होते? नवी मरून रिबीन इस्त्री करत होते. तांब्यात निखारे घालून. आपल्या गावात इतिहास घडत होता आणि मला त्यातलं आठवतं ते रिबिनीचं करपलेलं टोक.

हे सांगितलं असतं तर बाळू म्हणाला असता, बघ, अंबाबाईच.

पुन्हा तिथंच आले.

खरं काय ते इथं तरी लिहावं. माझ्यामागे कोणी नव्हतं. बाळू खोटं बोलला नाही. माझ्या शेजारी पाटणकर बसायची आणि सगळं जे काही होतं ते पाटणकरच्या मागे होतं. मुलं मुलींना आडनावानंच ओळखायची, पिक्चरमध्ये आहे तसंच. पाटणकर, भोसले, शहा. मला आडनावसुद्धा नव्हतं. मी 'पाटणकरची मैत्रीण'. एकदा खो-खोच्या यादीत वर्गप्रमुखानं माझं नाव वाचलं तर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "ही कोण?" दुसरा म्हणाला, "अरे, ती नाही का, पाटणकरची."

शाळा सुटली की आम्ही दोघी चावडी चौकातून जायचो. तिथं एक सायकल यायची. हिरवी, मडगार्ड वाजणारी. आमच्या मागून यायची आणि जवळ आली की घंटी दोनदा वाजायची. ट्रिंग ट्रिंग. एकदाच कधी नाही, तीनदाही नाही. घंटी पाटणकरसाठी असायची हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, चौकातल्या पानवाल्यालाही. पाटणकर कधी मान वळवायची नाही. ती अशी चालायची जशी काही सायकल नावाची वस्तू अजून निघालीच नाहीये.

वेणी पुढे घ्यायचे ती मी.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घंटी वाजायच्या आधी, मडगार्डचा खडखडाट ऐकू आला की माझा हात आपोआप मागे जायचा, वेणी खांद्यावरून पुढे यायची. दुसऱ्या मुलीसाठी वाजणाऱ्या घंटीला मी सबंध वर्ष वेणी पुढे घेत होते. आणि सायकल पुढे निघून गेली की वेणी परत मागे टाकायची. ते मागे टाकणं जास्त आठवतं.

तर या पिक्चरमध्ये मी कुठे आहे? घरी आल्यावर मंदारनं दिलेल्या त्या ॲपवर पुन्हा लावला, आवाज बंद करून. शिरोडकर सोडून बाकीच्या मुलींकडे बघत बसले. प्रार्थनेला उभ्या, वर्गात बसलेल्या, जिन्यावरून उतरणाऱ्या. कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठरत नाही. ठरायचं कारणही नाही म्हणा, गोष्ट त्यांची नाहीच. शिरोडकर गाव सोडून जाते, जोशी मागे राहतो, आणि बघणारे सगळे जोशीसाठी हळहळतात. पण त्या वर्गात तिच्या शेजारची जागाही रिकामी झाली असणार की. तिथं बसणाऱ्या मुलीनं दुसऱ्या दिवशी दप्तर कुठं ठेवलं?

पाटणकरही दहावीनंतर गेली. वडिलांची बदली. पुढचं… ते आज नको.

सई मात्र काहीतरी वेगळंच बोलली, ते राहून गेलं. बाळू जोशीच्या मित्रासाठी, सुऱ्यासाठी हळहळत होता, बिचाऱ्यानं वर्गातल्या केवड्याला नुसतं विचारलं तर केवढं प्रकरण हेडमास्तर आप्पांपर्यंत गेलं म्हणून. प्रभावळकर काय दिसतात त्या खुर्चीत, वगैरे. सई म्हणाली, "पण केवड्याला नको होतं ना? मग तिचं काय चुकलं? तुम्ही सगळे सुऱ्यालाच काय बिचारा म्हणताय?" बाळू म्हणाला, "अगं, काळ तसा होता." ती म्हणाली, "काळ केवड्याचा पण होता ना आजोबा." सुनंदा म्हणाली, "भात वाढू का कुणाला?"

मला तेव्हा एकदम पाटणकरची मान आठवली. ताठ. आजवर मी तिला शिष्ट समजत आले. मनातल्या मनात थोडी जळतही आले, पन्नास वर्षं. तिला ती घंटी हवी होती का, हे मी तिला कधी विचारलंच नाही. मला हवी होती म्हणजे तिलाही हवीच असणार, असा आपला हिशोब. एकदा ती म्हणाली होती, आज मागच्या गल्लीनं जाऊ या. मी म्हटलं, कशाला, लांब पडतं.

लांब पडतं!

बारा वाजून गेलेत. पाणी प्यायला उठले तर आरशात दिसले. केसांचा आंबाडा सुटलेला, चष्मा नाकावर, हातात लाल पेन, कारण निळं सापडलं नाही. आईला नावं सांगायला निघालेली अंबाबाई हुबेहूब. एकटीच हसले. बाळूचं काय चुकलं म्हणा. त्याची पतंगाची फिरकी मी खरंच तात्यांना दाखवली होती. एकदा नाही, तीनदा.

सोमवार, सकाळ

बाळूचा फोन. "अक्का, तुझा डबा राहिला."

म्हटलं, "माहितेय. बाळू, तू तेव्हा सातवीत होतास."

"कधी?"

"आणीबाणीत. जोशी नववीत आहे. तू जोशी नाहीस."

जरा वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "मग मी कोण?"

"ते बघावं लागेल."

"निदान त्याचा दोस्त चित्रे तरी?"

"डबा घेऊन ये," म्हटलं, "आणि येताना अर्धा किलो भेंडी आण. कोवळी बघून."