छोट्या पात्याचा बाक

रविवार पेठेतल्या आमच्या दुकानात दिवसभर येतात त्या शिंप्यांच्या आणि सलूनच्या कात्र्या, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या. धार लावणं म्हणजे चाकावर धरून ठिणग्या उडवणं, असं लोकांना वाटतं. ठिणग्यांत काही नाही. धारेजवळ निळा रंग चढला की पोलादाचं पाणी उतरलं. मग ती सुरी कितीही घासा, आठ दिवसांत बोथट होणार. आमच्याकडे येणाऱ्या सुऱ्यांपैकी निम्म्या अशाच आधी कुणीतरी जाळलेल्या असतात, आणि उरलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाजी चिरून मेलेल्या.

घडीचे जुने चाकू जमवायचा नाद मला वीस वर्षांपासून आहे. त्यामुळे गेल्या महिन्यात एक गृहस्थ रुमालात गुंडाळलेला चाकू घेऊन आले तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. पुरचुंडी सोडताच पात्याच्या बुडावर गंजाखालून चांदणी आणि माल्टीज क्रॉस दिसला. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकूवाल्या कारखान्याचा शिक्का. १७६४ पासूनची ती खूण, आणि तिच्या नकलाही इतक्या झाल्या की पहिल्या नजरेवर विश्वास ठेवायचा नसतो. याच कारखान्यानं १८२२ साली १८२२ पात्यांचा चाकू बनवला होता. या चाकूवर मुकुटाच्या दोन बाजूंना V आणि R ही अक्षरं लागत होती, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, १९०१ च्या आधीचा.

"आजोबांचा आहे. हस्तिदंती मूठ आहे. आत्याच्या वाढदिवसाला द्यायचाय, नव्यासारखा करून द्या," ते म्हणाले.

हस्तिदंत म्हटल्यावर मी आधी भिंग काढलं, कारण त्याचा व्यवहार कायद्यानं बंद आहे आणि मला त्यात पडायचं नव्हतं. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. इथे होते काळपट ठिपके आणि तुटक रेघा. हाड होतं. गृहस्थांचा चेहरा जरा पडला. मला मात्र हाडाचीच मूठ आवडते. शंभर वर्षं हातात फिरली की तिला तुपासारखा पिवळसर रंग येतो, तो कुठल्याही पॉलिशनं येत नाही.

त्यांना बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, मारून चकाचक हवा होता. मी सरळ नाही म्हटलं. बफ शिक्का खातो. 'अँटिक' म्हणून आरशासारखे चाकू विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. त्यांनी जेवढे शिक्के पुसले तेवढे गंजानंसुद्धा पुसले नसतील.

पाती गंजून बसली होती. पक्कड लावली असती तर रिव्हेट हलले असते, म्हणून तीन दिवस नुसतं पातळ तेल सोडत राहिलो. चौथ्या दिवशी मोठं पातं नखानं उघडलं. आत एकाच स्प्रिंगवर दोन टोकांना दोन पाती. दोन्ही एकाच खाचेत मिटतात, तरी घासत नाहीत, कारण कारागिरानं प्रत्येकाला बुडाशी अगदी किंचित बाक दिलेला असतो. समोरून एक डोळा मिटून पाहिलं तरच कळतो. मिटताना धार स्प्रिंगवर आपटू नये म्हणून बुडाला एक बारीक उंचवटा. शेफील्डमध्ये घडणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवून चाकू जुळवणारा वेगळा. हा बाक आणि उंचवटा जमवणं जुळवणाऱ्याच्या हातात. मी बांबूच्या काडीनं आतला काळा चिकटा काढला, आणि पात्याचा आवाज परत आला. अर्ध्यावर एक टक्, पूर्ण उघडल्यावर दुसरा. त्या दिवशी मी ते किती वेळा उघडमीट केलं, सांगता येणार नाही.

मोठ्या पात्याला पाण्याच्या दगडावर हातानं धार दिली. छोट्या पात्याची धार मधोमध आत गेली होती. अशी सुरी पाटावर टेकत नाही, फट राहते, म्हणून आम्ही ती सरळ करतो. रोजचं काम. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचं पोलाद उतरवून रेष सरळ केली.

चाकू न्यायला ते गृहस्थ आत्यांनाच घेऊन आले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, ताठ. त्यांनी मोठ्या पात्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छोटं पातं नखानं उघडलं, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, आणि मधोमध थांबवला.

"इथला बाक कुठे गेला?"

मी सांगितलं, झिजून खड्डा पडला होता, अशी धार पाटावर टेकत नाही.

"पाट कशाला लागतो? लिहायचा बोरू हातात धरून तासायचा. आमचे वडील, अण्णा, शाळेत रोज सकाळी आमचे बोरू तासून द्यायचे, मग आम्ही कित्ता गिरवायला बसायचो. बोरू गोल असतो, सरळ पात्यावरून निसटतो. त्या बाकात बरोब्बर बसायचा."

माझ्याच संग्रहात माळ्याचा एक चाकू आहे, पातं पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं. फांदी निसटू नये म्हणून ते तसं असतं, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हौसेनं समजावलंय. तोच आकार इथे एका मास्तरांनी वर्षानुवर्षं बोरू तासून आपसूक घडवला होता, आणि मी त्याला झीज म्हटलं. शिक्का जपला, हाड जपलं, रिव्हेटला हात लावला नाही. या चाकूनं काय कापायचे, एवढं मात्र विचारलं नाही.

गोल दगडावर बाक परत काढून देतो म्हणालो. आत्यांनी मान हलवली. "नको. आता पातं अजून बारीक कशाला करता?" खरं होतं ते.

काम घेतलं की प्रत्येक चाकू वहीत ठेवून पेन्सिलनं त्याची बाह्यरेषा काढायची माझी सवय आहे, पाती उघडून. मी वही आणली. आत्यांनी छोटं पातं त्या रेषेवर ठेवलं, पाठ पाठीला जुळवून. मधोमध दोन्ही रेषा एकच झाल्या. टोकाकडे आणि बुडाकडे मात्र पातं आणि पेन्सिलीची रेष यांच्यात जवाएवढी फट राहिली. शेजारी माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'छो. पातं, धार खचली, सरळ करणे.'

त्यांनी ते पान मागितलं. मी पट्टी लावून कापून दिलं. त्यांनी ते घडी न घालता पिशवीतल्या मासिकात ठेवलं, चाकू रुमालात गुंडाळला आणि पुतण्याला म्हणाल्या, "यांचे पैसे दे पूर्ण. काम चोख केलंय."