दवंडी खरोखर पिटली त्या दिवशी

मी कोर्टात बेलीफ आहे, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा, कर्नाटकातल्या निपाणी भागात. जमिनीची जप्ती असली की 1908 च्या दिवाणी संहितेत ऑर्डर 21 रूल 54 आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की ढोल वाजवून किंवा गावच्या रिवाजाप्रमाणे जाहीर करा, मग नोटीस जागेवर, कोर्टात आणि पंचायतीत चिकटवा. बरेच जण म्हणतात आता व्हाट्सॲप आहे, कशाला हलगी. मला ते पटत नाही आणि का पटत नाही ते त्या दिवसामुळं.

श्रावणातला पाऊस, दूधगंगेकाठचं गाव, हलगीवाले मामा आले तर कातडं सर्दीनं मऊ पडलेलं, नुसतं धप धप. त्यांनी उसाचा वाळका पाला पेटवला आणि हलगी फिरवून फिरवून शेकली, मधेच बोटानं टिचकी मारून बघायचे, चांगली दहा मिनिटं. मग जी कडकडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. शेकता शेकता म्हणाले, आज्जा वतनात ही दवंडी द्यायचा, त्याला नको म्हणायची सोय नव्हती, मी मजुरी ठरवून येतो. हे मला फार लागलं.

"साहेब, कन्नडात सांगू का मराठीत?"

"दोन्हीत सांगा मामा." हुकूम कन्नडात होता आणि गल्ली सगळी मराठी. कन्नडात दवंडीला डंगुर म्हणतात, आपला डांगोरा तोच की.

"ऐका हो ऐका! कोर्टाचा हुकूम हाय! ह्या गटातली जमीन कुणी इकत घेऊ नका, गहाण घेऊ नका!"

कर्जदार दारात मान खाली घालून उभा होता, बघवत नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या रानातून त्याची चुलती चिखलातनं पळत आली, हातात खुरपं तसंच. "बेलीफसाहेब, त्यात माझा बी वाटा हाय, उताऱ्यावर नाव हाय माझं!" तिला वाचता येत नाही, नोटीस भिंतीवर महिनाभर राहिली असती तरी तिला कळलं नसतं. मी म्हटलं मावशी, मला हे ठरवता येत नाही, पण रूल 58 खाली कोर्टात हरकत घेता येते, आजच वकील गाठा.

रिपोर्टात वेळ लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या, मामांनी सावकाश पूर्ण नाव लिहून सही केली.

पुढच्या तारखेला मावशी व्हरांड्यात वकिलाशेजारी बसलेली, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून.