लक्ष्मी विलास पॅलेस: आधी झाडं, मग दरबार हॉल

बडोद्याला येणारे बहुतेकजण लक्ष्मी विलास पॅलेस आतून बघतात आणि लगेच पुढच्या ठिकाणी पळतात. पक्ष्यांची थोडी जरी आवड असेल तर तसं करू नका. अर्धा दिवस मोकळा ठेवा.

एक अडचण आहे. राजवाडा उघडेपर्यंत ऊन वर येतं आणि पक्ष्यांची खरी वेळ टळून जाते. दांडिया बाजारातल्या आत्याने त्यावर तोडगा सांगितला, “उजाडताच कमाटीबागेत जा गं, पॅलेस कुठे पळतोय!” तसंच केलं. तिथल्या विश्वामित्री नदीच्या पुलावर उभं राहिलं की खंड्या आणि ढोकरी दिसतात, आणि नशीब असेल तर काठावर ऊन खात पडलेली मगरसुद्धा. मग शेव-उसळ खाऊन पॅलेस गाठला.

तिसऱ्या सयाजीराव महाराजांचा हा राजवाडा १८९० साली पूर्ण झाला. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी काम तडीस नेलं. बाग विल्यम गोल्डरिंग यांनी आखली. मला मोल वाटतं ते इथल्या जुन्या झाडांचं.

हिरवळीच्या कडेच्या वडाला फळं लागली होती आणि वर राखी धनेशाची जोडी होती. पिकलेलं लाल फळ चोचीच्या टोकात अलगद धरायचं, मान मागे टाकायची, फळ उडवून थेट घशात! कितीतरी वेळ हेच चाललं होतं. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. ढोली मिळते ती जुन्या, जाड खोडातच. भर शहरात धनेश टिकून आहे तो अशा आवारांमुळे, म्हणून ही झाडं राहायलाच हवीत.

पोपट, सातभाई, तांबट भरपूर. मोर तर हिरवळीवर बिनधास्त फिरतात. जवळ जायला धडपडू नका, सावलीत बसून राहा, तेच पुढे येतात.

दरबार हॉल दुपारच्या उन्हासाठी ठेवा. ऑडिओ गाइड जरूर घ्या, आत फोटो काढता येत नाहीत. आवारातल्याच फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, तिकीट वेगळं. सोमवारी दोन्ही बंद असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दुर्बीण, पाणी आणि टोपी विसरू नका.